पुसलेल्या पानांतील आर्किमिडीज

आर्किमिडीज म्हटले की स्नानगृहातून ‘युरेका, युरेका’ असे ओरडत रस्त्यावर धावत सुटलेला एक विक्षिप्त पंडित आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. शालेय पाठ्यपुस्तकांनी ही गोष्ट इतकी लोकप्रिय केली आहे, की या पंडिताने त्याखेरीज आणखी काय केले, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. वस्तुतः ही कथा आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांपैकी एकाही ग्रंथात आढळत नाही. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने ती लिहून ठेवली.

कथा सर्वांना ठाऊक आहेच. सिरॅक्यूजचा राजा हिएरो याने सोन्याचा मुकुट घडवून घेतला. कारागिराने सोन्यात चांदी मिसळली असावी, असा त्याला संशय आला. मुकुट न मोडता भेसळ ओळखण्याचे काम आर्किमिडीजकडे आले आणि स्नानाच्या वेळी टाक्यातून पाणी सांडताना पाहून त्याला उत्तर सुचले. मुकुट आणि तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने काठोकाठ भरलेल्या भांड्यात पाळीपाळीने बुडवायचे आणि किती पाणी सांडते ते मोजायचे, असे व्हिट्रुव्हियस सांगतो.

आता थोडा हिशेब करून पाहू. मुकुट एक किलो वजनाचा आहे आणि त्यात तीनशे ग्रॅम चांदी मिसळली आहे, असे धरू. एक किलो शुद्ध सोन्याचे घनफळ सुमारे ५२ घन सेंटिमीटर भरते, तर भेसळीच्या मुकुटाचे सुमारे ६५. फरक पडला १३ घन सेंटिमीटरचा. मुकुट आत मावायचा तर भांड्याचे तोंड निदान २० सेंटिमीटर व्यासाचे हवे. एवढ्या रुंद भांड्यात या फरकामुळे पाण्याची पातळी जेमतेम ०.४ मिलिमीटरने बदलेल! काठावर फुगून राहणारे पाणी आणि मुकुटाला चिकटलेले थेंब यांतच हा फरक हरवून जायचा. इ.स. १५८६ मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने नेमकी हीच शंका घेतली. आर्किमिडीजसारख्या माणसाने इतकी ओबडधोबड रीत वापरली असेल हे त्याला पटेना. त्याने तराजू आणि पाणी यांवर आधारलेली दुसरी रीत सुचविली. अशा रीतीचे एक सोपे रूप असे. तराजूच्या एका बाजूला मुकुट व दुसऱ्या बाजूला तेवढेच शुद्ध सोने टांगावे आणि दोन्ही पाण्यात बुडवावीत. भेसळ असेल तर मुकुटाची बाजू वर उचलली जाईल. आपल्या उदाहरणात हा फरक १३ ग्रॅमचा येतो, आणि तो कोणत्याही सराफाच्या काट्यावर लख्ख दिसेल.

आर्किमिडीजने प्रत्यक्षात काय केले याचा पुरावा आज नाही. परंतु तराजू हे त्याच्या विचाराचे आवडते साधन होते, याचा भक्कम पुरावा मात्र आहे. तो सुमारे सातशे वर्षे एका प्रार्थनापुस्तकाच्या अक्षरांखाली दडून राहिला होता.

सिरॅक्यूजचा गणिती

सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील सिरॅक्यूज हे ग्रीकांचे समृद्ध नगरराज्य होते. इ.स.पूर्व २८७ च्या सुमारास तेथे आर्किमिडीजचा जन्म झाला. त्याचे वडील फिडियास खगोलज्ञ होते, हे त्याच्याच एका ग्रंथातून कळते. त्या काळी विद्येचे केंद्र इजिप्तमधील अलेक्झांड्रिया हे होते. तेथील कोनॉन, डोसिथिअस आणि ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस या विद्वानांशी आर्किमिडीजचा पत्रव्यवहार चालत असे. त्याचे अनेक ग्रंथ म्हणजे मुळात समुद्रापलीकडे धाडलेली अशी पत्रेच आहेत.

या पत्रांतून त्याचा मिश्कील स्वभावही डोकावतो. तो आपली प्रमेये आधी सिद्धतेशिवाय पाठवीत असे. काही मंडळी ‘हे तर आम्हालाही ठाऊक होते’ असे म्हणत, पण सिद्धता मात्र देत नसत. तेव्हा सर्पिलावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने जाहीर केले, की पूर्वी पाठविलेल्या प्रमेयांत दोन मुद्दाम चुकीची घातली होती. सर्व काही शोधल्याचा दावा करणारे अशक्य गोष्टही शोधल्याचे सांगून बसतील आणि आपोआप उघडे पडतील, हा त्यामागील हेतू!

त्याचा अंत युद्धात झाला. रोम आणि कार्थेज यांच्या संघर्षात सिरॅक्यूजने हिएरोच्या मृत्यूनंतर कार्थेजची बाजू घेतली. रोमन सेनापती मार्सेलस याने नगराला वेढा घातला. आर्किमिडीजने रचलेल्या दगडफेकी यंत्रांनी आणि जहाजे उचलून आपटणाऱ्या आकड्यांनी रोमनांना दीर्घकाळ थोपवून धरले. आरशांनी सूर्यकिरण एकवटून त्याने शत्रूची जहाजे जाळली, ही कथा मात्र नंतरची आहे. वेढ्याचे सविस्तर वर्णन करणाऱ्या पॉलिबियस, लिव्ही आणि प्लुटार्क या तिघांनाही ती ठाऊक नाही. इ.स.पूर्व २१२ मध्ये नगर पडले आणि एका रोमन सैनिकाच्या हातून आर्किमिडीज मारला गेला. त्याच्या अखेरच्या क्षणांच्या तीन निरनिराळ्या हकीगती एकट्या प्लुटार्कनेच नोंदविल्या आहेत.

तरफ आणि पाणी

जड दगड हलविण्यासाठी पहारीखाली टेकू देणे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत होते. मग आर्किमिडीजने नवीन काय केले? सर्वांना जे हातांनी ठाऊक होते, ते त्याने तर्काने सिद्ध केले. समान वजने समान अंतरावर टांगली तर तराजू समतोल राहतो, यांसारखी कोणीही मान्य करील अशी मोजकी गृहीते त्याने घेतली. त्यांच्यापासून पायरीपायरीने त्याने तरफेचा नियम काढला. वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तरफ समतोल राहते. साठ किलोचा माणूस टेकूपासून एक मीटरवर बसला, तर वीस किलोचे मूल तीन मीटरवर बसून त्याला तोलून धरते. भूमितीच्या शिस्तीत निसर्गनियम बसविण्याच्या ज्ञात प्रयत्नांपैकी हा अगदी आरंभीचा होय.

तीच शिस्त त्याने पाण्याला लावली. पाण्यात बुडविलेल्या वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके वस्तूचे वजन कमी भासते, हा त्याचा सिद्धान्त आपण शाळेत पाठ करतो. परंतु तरंगणाऱ्या वस्तूंवरील त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग याहून पुष्कळ पुढे जातो. विशिष्ट वक्र आकाराची वस्तू पाण्यात कलंडली तर ती पुन्हा सरळ होईल की उलटेल, याचा तेथे विचार आहे. जहाजाच्या स्थैर्याचा प्रश्न मुळात हाच आहे.

बावीस सप्तमांशाचे मूळ

वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट? आपल्याकडील प्रत्येक शाळकरी विद्यार्थी याचे उत्तर २२/७ असे देतो. या अपूर्णांकामागे आर्किमिडीज उभा आहे, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. आणि त्याने हे उत्तर म्हणून नव्हे, तर उत्तराची एक सीमा म्हणून दिले होते.

त्याची युक्ती अशी. वर्तुळाच्या आत एक षट्कोन काढा आणि बाहेरून वर्तुळाला स्पर्श करणारा दुसरा. वर्तुळाचा परीघ या दोहोंच्या परिमितींच्या दरम्यान असणार, हे उघड आहे. आता बाजूंची संख्या दुप्पट करीत जा : १२, २४, ४८ आणि शेवटी ९६. प्रत्येक पायरीला आतली आणि बाहेरची आकृती वर्तुळाला अधिकाधिक बिलगत जातात. शहाण्णव बाजूंपाशी थांबून आर्किमिडीजने सांगितले, की परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठे आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आहे. दशांशात मांडायचे तर ते ३.१४०८ आणि ३.१४२९ यांच्या दरम्यान आहे. वरच्या आणि खालच्या सीमेत अंतर उरले अवघे १/४९७.

हे काम त्याने शून्य आणि स्थानमूल्य नसलेल्या, अक्षरांनी अंक लिहिण्याच्या ग्रीक पद्धतीत केले. त्यासाठी लागणारे तीनचे वर्गमूळ त्याने २६५/१५३ आणि १३५१/७८० यांच्या दरम्यान पकडले. यांपैकी दुसरा अपूर्णांक दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत जवळजवळ अचूक आहे. पण आकडेमोडीपेक्षाही मोलाची आहे ती त्यामागची वृत्ती. नेमके उत्तर हाती येत नसेल, तर आपली चूक जास्तीत जास्त किती असू शकेल ते खात्रीपूर्वक सांगावे. आजचे अभियंते आणि संगणकतज्ज्ञ दररोज याच वृत्तीने काम करतात.

वाळूच्या कणांची मोजदाद

वाळूचे कण असंख्य आहेत, असे लोक म्हणतात. आर्किमिडीजला हे मान्य नव्हते. हिएरोचा पुत्र गेलॉन याला उद्देशून लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात त्याने असा दावा केला, की समुद्रकिनाराच काय, संपूर्ण विश्व वाळूने भरले तरी त्या कणांपेक्षा मोठ्या संख्येला आपण नाव देऊ शकतो.

अडचण भाषेची होती. ग्रीक भाषेत सर्वांत मोठ्या संख्येचे स्वतंत्र नाव दहा हजारांसाठी होते. आपल्या जुन्या गणितग्रंथांत जिला ‘अयुत’ म्हणतात तीच ही संख्या. आर्किमिडीजने अयुताचे अयुत, म्हणजे दहा कोटी, हा नवा एकक मानला. त्यावर पुढची श्रेणी रचली, तिच्यावर आणखी पुढची, आणि अशा श्रेणींच्याही श्रेणी केल्या. विश्वाच्या आकारासाठी त्याने मुद्दाम सर्वांत मोठे चित्र निवडले. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असे मानणाऱ्या ॲरिस्टार्कसचे विश्व इतरांच्या विश्वापेक्षा फार विशाल होते. ॲरिस्टार्कसच्या या कल्पनेची माहिती आज आपल्याला मुख्यतः याच ग्रंथामुळे मिळते. ते विश्व वाळूने भरले तरी कणांची संख्या एकावर ६३ शून्ये दिल्याने होणाऱ्या संख्येपलीकडे जाणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

या गणनेचा व्यवहारात काडीचाही उपयोग नव्हता. मात्र ‘प्रचंड मोठे’ आणि ‘अनंत’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिने स्पष्ट केले. पुढे अनंताला हात घालताना हाच विवेक त्याच्या कामी आला.

गोल आणि वृत्तचिती

आर्किमिडीजला स्वतःला कोणत्या शोधाचा सर्वाधिक अभिमान होता? उत्तर त्याच्या समाधीवर होते. एका वृत्तचितीत, म्हणजे उभ्या डब्यासारख्या आकृतीत, नेमका मावणारा गोल तेथे कोरलेला होता. इ.स.पूर्व ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी म्हणून आलेल्या सिसेरोने काटेरी झुडपांत हरवलेली ही समाधी या खुणेवरूनच ओळखली. गोलाचे घनफळ वृत्तचितीच्या घनफळाच्या दोन तृतीयांश असते. आणि नवलाची गोष्ट म्हणजे गोलाचे पृष्ठफळही वृत्तचितीच्या एकूण पृष्ठफळाच्या बरोबर दोन तृतीयांशच असते.

या प्रमेयाची त्याने दिलेली सिद्धता निर्दोष आहे. गोलाचे घनफळ या उत्तरापेक्षा जास्त माना, विसंगती निघते; कमी माना, तरी विसंगती निघते; म्हणून ते तेवढेच असले पाहिजे, असा तो युक्तिवाद. त्याला आव्हान देता येत नाही. पण वाचकाच्या मनात एक रुखरुख राहते. अशा सिद्धतेसाठी उत्तर आधीच माहीत असावे लागते. मग ‘दोन तृतीयांश’ हे उत्तर मुळात सुचले कसे?

सतराव्या शतकात युरोपातील गणितज्ञ वक्र आकृतींची क्षेत्रफळे व घनफळे काढण्यासाठी धडपडत होते. तेव्हा हा प्रश्न त्यांना फार छळत असे. आर्किमिडीजने आपल्या शोधाचा माग मुद्दाम पुसून टाकला असावा, असा संशय जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने बोलून दाखविला होता. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. आर्किमिडीजने सारे काही लिहून ठेवले होते. पुसणारे हात दुसऱ्याच कोणाचे होते.

तराजूवर तोललेला गोल

‘पद्धत’ या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ एराटोस्थेनिसला लिहिलेले पत्र आहे. आपल्याला अनेक प्रमेये आधी यांत्रिक विचाराने, म्हणजे आकृती जणू तराजूवर तोलून दिसली आणि मग आपण त्यांच्या भूमितीय सिद्धता दिल्या, असे तो त्यात मोकळेपणाने सांगतो. अशा विचाराने मिळालेले उत्तर म्हणजे सिद्धता नव्हे, याची जाणीव त्याला आहे. तरीही काहीच माहिती नसताना सिद्धता शोधण्यापेक्षा उत्तराची आधी कल्पना असणे किती सोयीचे, हेही तो आवर्जून नमूद करतो.

गोलाचे उदाहरण घेऊ. गोलाची त्रिज्या १ मानू, म्हणजे व्यास झाला २. शेजारी एक शंकू कल्पू, ज्याची उंची २ आणि तळाची त्रिज्याही २ आहे. तिसरी आकृती वृत्तचितीची. तिचीही उंची २ आणि त्रिज्या २. आता एक लांब दांडी मध्यभागी टेकूवर ठेवली आहे, अशी कल्पना करा. वृत्तचिती दांडीच्या उजव्या बाजूला, टेकूपासून २ अंतरापर्यंत आडवी पसरली आहे. गोल आणि शंकूचे टोक हेही टेकूपासूनच सुरू होतात. एखादी काकडी कापावी तशा या तिन्ही आकृतींच्या पातळ चकत्या करू.

टेकूपासून १ अंतरावरच्या चकत्या पाहा. तेथे गोलाच्या चकतीची त्रिज्या १ आणि शंकूच्या चकतीचीही १. वृत्तचितीची चकती २ त्रिज्येची, म्हणून ती क्षेत्रफळाने त्यांच्या चौपट. गोलाची आणि शंकूची चकती मिळून २ एकके होतात. त्या उचलून दांडीच्या डाव्या बाजूला २ अंतरावर टांगल्या, तर गुणाकार येतो ४. उजवीकडे वृत्तचितीची चकती ४ एककांची, जागच्या जागी १ अंतरावर. तिचाही गुणाकार ४. तराजू समतोल! आता अर्ध्या अंतरावर पाहा. गोलाची चकती पाऊण एकक, शंकूची पाव एकक. दोन्ही मिळून १, आणि २ अंतरावर टांगल्या की २. वृत्तचितीची चकती ४, अंतर अर्धे; गुणाकार पुन्हा २. चकत्या कोठेही घेतल्या तरी हाच समतोल साधतो.

याचा अर्थ सरळ आहे. संपूर्ण गोल आणि संपूर्ण शंकू डावीकडे २ अंतरावर टांगले, तर उजवीकडची वृत्तचिती त्यांना तोलून धरते. वृत्तचितीचे वजन तिच्या मध्यावर, म्हणजे १ अंतरावर, एकवटले आहे असे मानता येते. म्हणून गोल आणि शंकू मिळून वृत्तचितीच्या निम्मे भरले पाहिजेत. शंकू तिच्या एक तृतीयांश असतो, हे आधीच माहीत होते. निम्म्यातून एक तृतीयांश वजा केला की एक षष्ठांश उरतो, तोच गोल. ही वृत्तचिती मोठी आहे. गोल जिच्यात नेमका मावतो ती लहान वृत्तचिती हिच्या एक चतुर्थांश भरते. एक षष्ठांश हा एक चतुर्थांशाचा कितवा भाग? दोन तृतीयांश. समाधीवर कोरलेले उत्तर हेच.

जाडी नसलेल्या चकत्यांपासून घन आकृती कशी बनते, हा प्रश्न येथे शिल्लक राहतो. म्हणूनच आर्किमिडीज याला सिद्धता म्हणत नाही. इ.स. १६३५ मध्ये इटलीतील काव्हालिएरीने अविभाज्य भागांची पद्धत मांडली, ती याच जातीची होती. पुढे न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या कलनशास्त्राने अशा विचारांना सर्वसाधारण नियमांचे रूप दिले. ‘पद्धत’ उपलब्ध असती तर कलनशास्त्र दीड हजार वर्षे आधी जन्मले असते, असे काही जण उत्साहाने म्हणतात. ते अतिशयोक्त आहे. त्यासाठी लागणारी बीजगणिताची भाषा ग्रीकांकडे नव्हती. परंतु काव्हालिएरीच्या पिढीला जे चाचपडत शोधावे लागले, त्याचा एक वाटाड्या वाटेतच हरवला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

या पत्रातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शंकू हा वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतो, हे युडॉक्सस याने सिद्ध केले. पण ते सिद्धतेविना प्रथम सांगितले डेमॉक्रिटसने, म्हणून श्रेयाचा मोठा वाटा त्यालाही दिला पाहिजे, असे आर्किमिडीज लिहितो. सिद्धता न देता बढाया मारणाऱ्यांना सापळ्यात पकडणारा हाच गृहस्थ खऱ्या अंतर्दृष्टीची किंमत जाणत होता.

प्रार्थनांच्या ओळींखाली

आर्किमिडीजचे ग्रंथ मध्ययुग ओलांडून आले ते मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलमध्ये नकललेल्या तीन ग्रीक हस्तलिखितांमुळे. त्यांपैकी एकाचा ठावठिकाणा चौदाव्या शतकानंतर लागत नाही, दुसरे सोळाव्या शतकात नाहीसे झाले. त्यांच्यावरून केलेल्या नकला व भाषांतरे मात्र टिकली आणि इ.स. १५४४ मध्ये बाझेल येथे मूळ ग्रीक संहिता प्रथम छापली गेली. ‘पद्धत’ हा ग्रंथ या दोहोंत नव्हता. तो होता केवळ तिसऱ्यात.

दहाव्या शतकातील या तिसऱ्या हस्तलिखिताचे भाग्य विचित्र होते. चर्मपत्र महाग असे. इ.स. १२२९ मध्ये त्याची शाई खरवडून काढण्यात आली, पाने कापून आडवी दुमडली गेली आणि इतर काही जुन्या हस्तलिखितांच्या पानांसह त्यांचे प्रार्थनापुस्तक करण्यात आले. प्रार्थनांच्या ओळी आर्किमिडीजच्या ओळींना काटकोनात छेदून जाऊ लागल्या. अनेक शतके भाविक हे पुस्तक वापरीत राहिले. विरोधाभास असा, की त्या प्रार्थनांनीच आर्किमिडीजला वाचविले. पुस्तक पवित्र झाले, म्हणूनच ते कोणी फेकून दिले नाही.

इ.स. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक योहान लुडविग हायबर्ग कॉन्स्टँटिनोपलला गेला. प्रार्थनांखालची पुसट अक्षरे भिंगातून वाचताना हा आर्किमिडीज आहे, हे त्याने ओळखले. त्याने जमेल तेवढे वाचून प्रसिद्ध केले आणि जगाला ‘पद्धत’ प्रथमच वाचायला मिळाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत पुस्तक पुन्हा गायब झाले. फ्रान्समधील एका कुटुंबाकडून ते बाहेर आले तेव्हा त्याला बुरशी लागली होती. काही पानांवर तर, बहुधा किंमत वाढावी म्हणून, कोणीतरी सोनेरी बनावट चित्रेही रंगविली होती. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी न्यूयॉर्क येथे ख्रिस्टीज संस्थेच्या लिलावात एका अनामिक संग्राहकाने ते वीस लाख डॉलरला विकत घेतले आणि अभ्यासासाठी बाल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालयाच्या स्वाधीन केले.

त्यानंतर सुरू झालेले काम दहा वर्षे चालले. पाने सुटी करायलाच काही वर्षे लागली. वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन संगणकाच्या साह्याने जुनी शाई नव्या शाईपासून वेगळी काढण्यात आली. सोनेरी चित्रांखाली हा उपाय चालेना, तेव्हा कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या कणत्वरकातून निघणारे प्रखर क्ष-किरण वापरण्यात आले. जुन्या शाईत लोह होते; क्ष-किरणांच्या माऱ्याने ते चमकले आणि चित्राखालची अक्षरे पडद्यावर उमटली. अथेन्सचा वक्ता हायपेरायडीझ याची हरवलेली भाषणेही त्याच पुस्तकात सापडली.

गणिताच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती इ.स. २००१ मध्ये. रिव्हिएल नेट्झ आणि केन सैतो यांना ‘पद्धत’मधील हायबर्गला न वाचता आलेला एक भाग लागला. तेथे आर्किमिडीज एका आकृतीतील अगणित छेदांची दुसरीतील अगणित छेदांशी तुलना करतो आणि दोहोंची संख्या समान आहे असे म्हणतो, असे त्यांचे वाचन आहे. ग्रीक गणितज्ञ प्रत्यक्ष अनंतापासून चार हात दूर राहत, हा समज त्यामुळे पुन्हा तपासून पाहावा लागला.

पत्र पोहोचले

या पत्राच्या प्रस्तावनेत आर्किमिडीज एक अपेक्षा व्यक्त करतो. आपली पद्धत कळल्यावर आजच्या किंवा पुढच्या पिढ्यांतील कोणीतरी तिच्या आधारे आपल्याला न सुचलेली प्रमेये शोधून काढील, असे त्याला वाटत होते. स्वतःच्या शोधाची गुरुकिल्ली त्याने उघडपणे इतरांच्या हाती ठेवली होती. ती दोन हजारांहून अधिक वर्षे बहुतेकांच्या हाती लागलीच नाही. दरम्यानच्या काळात त्याची कीर्ती राहिली ती निर्दोष पण गूढ सिद्धतांमुळे, आणि स्नानगृहातील गोष्टीमुळे.

आपल्या गणिताच्या वर्गांतही पुष्कळदा असेच घडते. फळ्यावर सूत्र येते, सिद्धता येते, आणि विद्यार्थी ती पाठ करतो. ते सूत्र कोणाला, कोणत्या खटपटीतून सुचले असेल, हे कोणी सांगत नाही. मग गणित हे काही अलौकिक बुद्धीच्या लोकांसाठीच आहे, असे मुलांना वाटू लागले तर दोष त्यांचा नाही. गोलाच्या घनफळाचे सूत्र शिकविताना तराजूची ही युक्ती सांगायला एका तासिकेपेक्षा अधिक वेळ लागू नये. तिला तरफेचा नियम आणि शंकूचे घनफळ यांपलीकडे काही लागत नाही, आणि हे दोन्ही शाळेत शिकविले जातेच.

आज गणितातील सर्वोच्च सन्मान मानल्या जाणाऱ्या फील्ड्स पदकाच्या एका बाजूला आर्किमिडीजचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला वृत्तचितीतील तो गोल. पण हे पदक मिळणारे जगात मोजकेच. प्रार्थनापुस्तकातील पानांच्या प्रतिमा मात्र २९ ऑक्टोबर २००८ रोजी इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या करण्यात आल्या. एराटोस्थेनिसच्या नावे धाडलेले ते पत्र आता कोणीही उघडून पाहू शकतो. आर्किमिडीजला ज्या पुढच्या पिढ्या अभिप्रेत होत्या, त्यांत आपली मुलेही येतात.